रिकामं मशीन

१२ जानेवारी

माझ्या खारूस,

तू जिथे बसून हे वाचत असशील तिथे भरपूर उजेड असो, कारण माझं अक्षर तुला माहीत आहे.

तुझं धुण्याचं मशीन पोचलं. आधी तेच लिहिते, नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा पानाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहील, असं तुझे आजोबा म्हणायचे. दोन माणसांनी ते जिन्यावरून वर आणलं. एक जाडा, एक बारीक. बारीक खाली आणि जाडा वर, म्हणजे सगळं वजन बारक्याच्या अंगावर. मी म्हटलं, अरे उलटं करा की. जाडा म्हणाला, "आजी, त्याला सवय आहे." शेजारची शिंपीण तोंडात टाचण्या धरून दारातून बघत होती. तिने विचारलं नाही तरी मी सांगितलं, नातीने पाठवलंय. खूप शिकलेली आहे ना, तीच.

आता अडचण ऐक. जुनं मशीन न्हाणीघरातून बाहेर निघेना. आठवतं ना, मशीन आधी आत ठेवलं आणि मग आजोबांनी वारा येतो म्हणून दार बसवून घेतलं, तेही अरुंद. तेव्हाच मी विचारलं होतं, अहो, हे बाहेर कसं येणार? तर म्हणाले, "त्याला काय बाजारात जायचंय?" त्यामुळे जुनं जिथे होतं तिथेच, आणि नवं स्वयंपाकघरात खिडकीखाली. पांढरंशुभ्र आहे. मी त्यावर रुमाल घातलाय.

संध्याकाळी तुझा बाप दुकान बंद करून आला, हाताला निळा रंग तसाच. मशीनभोवती एक चक्कर मारली, झाकण उघडून बघितलं, आणि म्हणाला, "आई, ही विद्यापीठात कायम झाली. त्याशिवाय कुणी असं मशीन पाठवतं का?" मी म्हटलं, तिने तसं काही लिहिलं नाही. तर म्हणाला, "येऊन सांगायचं असेल तिला." आणि इतका खुशीत आला की जे सांगायचं नव्हतं ते मला सांगून बसला. मीही तुला सांगायचं नाही, पण सांगते. त्याने तुझी पाटी रंगवून ठेवलीय. तुला पदवी मिळाली त्याच आठवड्यात. गडद निळ्यावर पिवळी अक्षरं, पुढे 'प्रा. डॉ.' आणि मग तुझं नाव. दुकानात आरशामागे कापडात गुंडाळून ठेवलीय. तू कायम होऊन आलीस की दारावर लावायची. जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या त्याने, दवाखान्याच्या, वकिलांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या, पण ही म्हणे सगळ्यांत सुबक झालीय.

मग झालीस का गं कायम?

घर फार गप्प झालंय. तू होतीस तेव्हा संध्याकाळ झाली की रातकिडे कसे ओरडायचे. तू न्हाणीघरात बादली पालथी घालून बसायचीस, तोंड उघडं, हातातला घास हातात. आता एकही नाही. तू गेलीस आणि तेही गेले, बहुतेक तुझ्यामागून शिकायला.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू इतकी भराभर बोलतेस की मी नुसतं हो हो म्हणते, आणि ठेवल्यावर विचार करते की कशाला हो म्हणाले. पत्र कसं, पळून जात नाही.

दोन वर्षं होत आली तुला पाहून. ये.

तुझी आजी


३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खूप हसले, आणि मग पाटीच्या ओळीपाशी माझं हसू संपलं.

मी कायम झाले नाही. खरं म्हणजे मी विद्यापीठात आता नाहीच. मागच्या उन्हाळ्यात तिथला तात्पुरता करार संपला आणि पुढचा मिळाला नाही. मुलाखती दिल्या. एकीकडे म्हणाले, रातकिड्यांचे आवाज, हा तुमचा विषय फार बारीक आहे. दुसरीकडे म्हणाले, फार चांगला आहे, पण जागा माशांच्या अभ्यासाची आहे. ज्या बाईंच्या हाताखाली मी शिकले त्या म्हणाल्या, अजून एक वर्ष थांब. असं 'अजून एक वर्ष' मी आधीही थांबले होते. मग एक दिवस जाहिरात वाचली आणि अर्ज केला. तुला पाठवलेलं मशीन ज्या कंपनीत बनतं तिथेच मी नोकरी करते.

काम असं: एक खोली आहे, तिच्या भिंतींना आणि छताला स्पंजचे सुळके लावलेत. आत गेलं की आपलंच काळीज ऐकू येतं. त्या खोलीत मशीन लावतात आणि मी ऐकते. कुठला स्क्रू कुरकुरतोय, कुठला पट्टा शीळ घालतोय, ते शोधायचं आणि गप्प करायचं. तुझ्या मशीनवर मी बरेच महिने घालवलेत. त्यातलं तुला जे ऐकू येत नाही, ते माझं काम.

माझ्यासारखे इथे आणखी आहेत. एक जण ताऱ्यांवर डॉक्टरेट करून आलाय, तो साबणाचा फेस मोजतो. एक जुन्या कवितांवर, ती मशीनसोबतची माहितीपुस्तिका लिहिते. आम्ही रोज एका टेबलावर जेवतो आणि आपापल्या जुन्या कामाबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. असा काही नियम नाही, पण विचारत नाही.

खिडक्या इथे उघडत नाहीत. त्यामुळे रातकिडे माझ्याकडेही नाहीत, आजी. माझ्यामागून आले असतील तर वाटेत हरवले.

बाबांना सांगू नकोस. मी इतके दिवस आले नाही ते सुट्टी नव्हती म्हणून नाही. बाबा दारातच विचारायचे, "झालं का?" आणि मी म्हणायचे, "होईल." आता पाटीचं कळल्यावर तर मी कुठल्या तोंडाने येऊ?

तुझी खारू


१ मार्च

खारू,

सुखी राहा, आणि त्या स्पंजच्या खोलीत जाताना स्वेटर घालत जा, गार असणार.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या जिन्याला माहीत आहे, आणि तरी तू गुपित मलाच सांगितलंस. याचा मला इतका आनंद झाला की लगेच कुणालातरी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तुझा बाप रोज येतो, चहा पितो, विचारतो, "पत्र आलं?" मी म्हणते, आलं. "काय म्हणते?" मजेत आहे. एवढं झालं की मी लगेच दुसरा विषय काढते. परवा मी त्याला कोबीविषयी इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की तो म्हणाला, "आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

मला ऐकून वाईट वाटलं नाही. तू जेवतेस वेळेवर, टेबलावर चार माणसं आहेत, बरं आहे. भिंतीला कान असतात म्हणतात, तुमच्या भिंतींनी कानात बोळे घालून घेतलेत, एवढंच. ताऱ्यांवाल्याला म्हणावं, फेस मोजणं सोपं नाही, फेस कुठे एका जागी बसतो. तारा निदान हलत नाही. का हलतो?

पण एक विचारू? रागावू नकोस. इतकी वर्षं तू त्या किड्यांचं शिकलीस. उन्हातान्हात फिरलीस, डोळे खराब करून घेतलेस. ते सगळं वाया गेलं का गं? म्हणजे कसं, आपण स्वेटर विणायला घेतो, तो काही जमत नाही, मग उसवून त्याच लोकरीची टोपी करतो. तसं आहे हे? का लोकरच टाकून दिली? मला कळत नाही म्हणून विचारते, टोमणा नाही.

तुझं मशीन चांगलं आहे. फार चांगलं आहे. इतकं की ते चालू आहे का बंद ते मला हात लावून बघावं लागतं. काल धुऊन झालेले कपडे संध्याकाळपर्यंत आतच राहिले. आजोबांचं जुनं मशीन कसं, धडाक धडाक, आपण शेजाऱ्यांकडे बसलो असलो तरी कळायचं. एक पाय आखूड होता त्याचा, त्याखाली आजोबांनी लाकडाची पाचर मारली, तरी चालत चालत दारापर्यंत यायचं. आजोबा त्याला म्हणायचे, "बसा, आत्ताच आलात."

आता हसशील. दुपारची कामं आटोपली की मी ते जुनं मशीन रिकामंच लावते. कपडे नाहीत, पाणी नाही, नुसतं पिळायच्या खुणेवर ठेवते आणि फिरू देते. आणि शेजारी बसून लसूण सोलते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. कधी कधी मी त्याच्याशी बोलतेही. शिंपीण म्हणते, वीज कशाला जाळता. म्हणजे असं म्हणाली असावी. हल्ली ती फार तोंडातल्या तोंडात बोलते, टाचण्या नसल्या तरी.

तू ये. पाटीचं बघू. पाटी काय, लाकडाचा तुकडा आहे.

तुझी आजी


१८ एप्रिल

प्रिय आजी,

इतके दिवस लिहिलं नाही. रागावले नव्हते. लोकरीच्या ओळीवर अडकले होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. मी एका काचेच्या पेटीत रातकिडे ठेवायचे, प्रत्येकाच्या पाठीवर रंगाचा एक ठिपका, म्हणजे कोण गातंय ते कळावं. पिवळा ठिपका रोज एकदा मधेच थांबायचा, दम खाल्ल्यासारखा, आणि पुन्हा सुरू करायचा. लाल कधीच थांबायचा नाही. यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. ते वाचलेली माणसं एका टेबलाभोवती बसतील. मागच्या महिन्यात बाईंचं पत्र आलं, की माझं कपाट आता एका नव्या मुलीला दिलंय आणि माझी पेटी हवी असेल तर घेऊन जा. मी गेले नाही. पेटी घेऊन ठेवू कुठे?

कधी कधी मशीन ऐकताना एखादा पट्टा अगदी तसा वाजतो, आणि मला क्षणभर वाटतं की कुणीतरी हाक मारली. मग मी कागदावर लिहिते: पट्टा, डावी बाजू, बदला.

एक काम आहे तुझ्याकडे. आमचे साहेब म्हणतात, लोक जुनी मशीनं टाकत नाहीत, त्यांचे आवाज जमवून बघू या. ते कंपनीसाठी. पण मला ते धडाक धडाक माझ्यासाठीही हवंय. शिंपीणकाकूंच्या फोनवर आवाज भरून घेता येतो, त्यांना म्हणावं माझ्या नंबरवर पाठवा. फोन पाचरीजवळ ठेव, जमिनीवर. आणि शक्यतो बोलू नका.

तुझी खारू


६ मे

खारू,

लागलीच लिहिते, कारण आज मी कामाची माणूस आहे. कंपनीचं काम केलंय.

शिंपिणीने फोन पाचरीपाशी ठेवला. म्हणाली, "आजी, आता बोलायचं नाही. बटण दाबलंय." मी म्हटलं, "दाबलं का?" "दाबलं." "मग आता बोलायचं नाही ना?" "नाही." "मी बोलत नाहीये, विचारते फक्त." मग ती हसायला लागली आणि मीही, आणि मशीन बिचारं एकटंच काम करत राहिलं. हे सगळं आत गेलं असेल. साहेबांना म्हणावं, ऐकू नका तेवढं.

तेवढ्यात तुझा बाप आला. शिंपिणीने त्याला हाताने गप्प बस म्हणून खुणावलं, तर त्याने विचारलंच, "काय झालं?" आत येऊन बघतो तर मशीन रिकामं फिरतंय.

"आई, आत कपडे कुठायत?"

"नाहीत."

"मग?"

"त्यालाही पाय मोकळे करायला लागतात."

त्याने तुझी ती बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. एवढा मोठा माणूस, गुडघे कानाशी. बराच वेळ ऐकत बसला. मग काहीतरी पुटपुटला, मी म्हटलं, हो, चहा टाकते. तर माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी परकी भाषा बोलले. मग म्हणाला, "पाटीच्या कोपऱ्याचा रंग उडालाय. एक हात द्यावा म्हणतो, येईल आता ती." मी म्हटलं, "घाई काय आहे?" "घाई काय म्हणजे?" झालं. माझी पंचाईत. मी कोबीवर आले. तो उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी मी त्याच्या ठेवायचे तसा, आणि चहा न घेता गेला.

मला वाटतं त्याला काहीतरी कळलंय. मी एक अक्षर बोलले नाही हं. पण तो माझा मुलगा आहे, मी कोबीवर आले की त्याला कळतं.

आवाज पोचला का ते लिही. आणि तो पिवळ्या ठिपक्याचा किडा, त्याचं पुढे काय झालं? मधेच थांबणारी माणसं मला आवडतात. तुझे आजोबाही जिन्यात असेच थांबायचे.

तुझी आजी


१५ मे

प्रिय आजी,

आवाज पोचला. स्पंजच्या खोलीत दार लावून मी एकटीने ऐकला.

पहिल्यांदा धडाक धडाक. मग तुमचं दोघींचं हसणं. मग बाबा. बाबांचा आवाज असा शांतपणे मी कितीतरी दिवसांनी ऐकला, फोनवर ते नेहमी ओरडतात. पाटीबद्दल बोलताना त्यांचा आवाज इतका हळू होतो हे मला ठाऊक नव्हतं.

आणि त्याच्या आधी, तुला पुटपुटल्यासारखं वाटलं ते. बाबा पुटपुटले नव्हते, आजी. ते अगदी स्पष्ट म्हणाले, "आई, या रातकिड्याने कान किटले माझे. तू दिवसभर कशी राहतेस यात?" आणि तू म्हणालीस, "हो, चहा टाकते."

मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी मशीन ऐकलं नाही, मशीनमागचं ऐकलं. आजी, तो आहे. भिंत आणि मशीन यांच्या मधल्या फटीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तुम्ही हसत होतात तेव्हाही. रातकिड्याला ऊब लागते. तू रोज दुपारी मशीन रिकामं फिरवतेस, त्याच्या उबेला तो राहिलाय. रातकिडे कुठेही गेले नाहीत. तुझ्या कानांनी त्यांना सोडलंय. वय झालं की सगळ्यांत उंच आवाज आधी जातात. आधी रातकिडा जातो, मग माणसांच्या बोलण्यातल्या बारीक कडा जातात, म्हणून शिंपीणकाकू तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून मी भराभर बोलते. तू हे मला जानेवारीपासून लिहीत होतीस. हेच शिकण्यात मी माझी इतकी वर्षं घातली, आणि माझ्या आजीच्या पत्रात ते मला दिसलं नाही.

बाबांबरोबर कानाच्या डॉक्टरकडे जा. जाच.

सोबत एक आवाज पाठवते, काकूंच्या फोनवर. तो तुझा रातकिडा आहे. तुझ्या कानाला जिथपर्यंत पोचतं तिथवर मी त्याला खाली उतरवलंय. वेग तोच ठेवलाय, थांबणं तेच ठेवलंय. मला एवढंच येतं, कोण किती उंच गातं आणि कुठे थांबतं.

तो मी जेवताना टेबलावर ऐकवला. ताऱ्यांवाल्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, त्याचा एक तारा होता, मधेच मंद व्हायचा आणि पुन्हा उजळायचा, आणि का, ते त्याला सापडत आलं होतं. कवितावालीने विचारलं, "मग?" आणि तो सांगायला लागला. जेवणाची सुट्टी संपली तरी आम्ही तिथेच. साहेब शोधत आले. मला विचारलं, "कुठल्या मशीनचा दोष आहे हा?" मी म्हटलं, दोष नाही, रातकिडा आहे. ते खुर्ची ओढून बसले.

मला घरी यायचंय, आजी. फार यायचंय. डोळे मिटले की मला ती बादली दिसते. पण दार उघडल्यावर बाबा पाटी घेऊन उभे असतील, आणि मला त्यांचा चेहरा पडताना बघवणार नाही.

तुझी खारू


९ जून

माझ्या खारूस,

बस आधी. पत्र लांब आहे.

तुझा तो उतरवलेला रातकिडा शिंपिणीने फोनवर लावला. खरं सांगू? हा रातकिडा नाही, हा सर्दी झालेला बेडूक आहे. मी शिंपिणीला म्हटलंही, पोर माझी शिकून शिकून फसली. तरी म्हटलं पुन्हा लाव. जिवाचा कान करून ऐकलं. आणि मग तो थांबला. दम खाल्ल्यासारखा थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. त्या थांबण्यावरून मी ओळखलं गं. आवाज सगळा बदललास, पण थांबणं त्याचंच. न्हाणीघरातला तोच. तू त्याला जिन्यावरून हाताला धरून खाली आणलंस, माझ्यासारख्या म्हातारीला भेटवायला.

लोकर टाकली नाहीस तू. टोपी झाली. कानटोपी.

आणि रडत बसू नकोस की तुला कळलं नाही म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे शिकलेल्यांचंच काम आहे, आम्हाला कुठे वळसा घालायला वेळ असतो.

आता मुख्य. तुझ्या बापाला कळलं. मी सांगितलं नाही, माझ्या तोंडून सांडलं. झालं असं की मी आवाज ऐकत होते आणि तो आला. विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, रातकिडा. "असा?" मी म्हटलं, तुझ्या मुलीने माझ्या कानाच्या मापाचा करून पाठवलाय. तिच्या स्पंजच्या खोलीत. "कसली स्पंजची खोली?" आता कोबी आठवायला हवा होता, पण आनंदात माणसाला कोबी आठवत नाही. सगळं सांडलं. कंपनी, मशीन, मुलाखती, मासे, सगळं.

तो उठून नव्या मशीनपाशी गेला. मी टॉवेल लावले होते. त्याने रुमाल बाजूला केला आणि कान टेकवला. बराच वेळ.

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर तिचं काम."

त्यावर तो हसला. म्हणजे आधी हसला. मग म्हणाला, "ती आली की मी तिला दारातच विचारायचो गं, झालं का, झालं का. आपण कुठल्या गिऱ्हाइकाला असं विचारलं असतं तर तो परत आला असता का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो. मोठा चांगला माणूस, ओरडून बोलतो. म्हणाला, कानात घालायचं यंत्र मिळेल, माणसांचं बोलणं पुष्कळ सुधारेल, रातकिड्याचं मात्र सांगता येत नाही. तुझा बाप तिथेही म्हणाला, "माझी मुलगी आवाजातली डॉक्टर आहे, तिला विचारून घेतो." मी त्याच्याकडे बघितलं. प्रा. वगैरे काही म्हणाला नाही.

आणि परवा तो पाटी घेऊन आला. कापड काढलं तर नुसता निळा. अक्षरं नाहीत. मी म्हटलं, हे काय केलंस, इतकी सुंदर होती म्हणालास. तर म्हणाला, "आई, पाटी रंगवायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं असतं, काय लिहू. पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट. ती मी माझ्याच मुलीच्या बाबतीत विसरलो." वरून रंग दिलाय त्याने. म्हणतो जुनं अक्षर पुसलं जात नाही, झाकलं जातं. खिडकीतून तिरपा उजेड आला की तुझं नाव अजून उठून दिसतं. मी हात फिरवून बघितलं, बोटांना लागतं. त्याच्या पुढे काय लिहायचं ते तू येऊन सांग. काही नको म्हणालीस तर नाव तेवढं लिहील. त्याने नवा ब्रश आणून ठेवलाय आणि माझ्या मशीनवर पाटी उभी केलीय, रुमालावर.

दारात तो काहीही विचारणार नाही. मी त्याला बजावलंय. विचारलंच तर जेवलीस का, एवढंच विचारायचं. त्याने ते म्हणून दाखवलं, म्हणजे सराव केला. नीट जमलं नाही, पण जमेल तू येईपर्यंत.

जुनं मशीन मी अजून रोज फिरवते. आता कारण आहे, रातकिड्याला ऊब द्यायला. दुकान बंद केलं की तुझा बाप येतो आणि बादलीवर बसतो. मी दारात खुर्ची टाकून बसते. मला काही ऐकू येत नाही, पण एक गंमत कळलीय. तो वाजायला लागला की तुझ्या बापाची मान जराशी वर होते. थांबला की मानही थांबते. म्हणजे मी बघून ऐकते.

पण त्याची मान म्हणजे काही तू नाहीस. लहानपणी तो वाजायला लागला की तू असशील तिथे थांबायचीस, तोंड उघडं, हातातला घास हातात, आणि मी ओरडायचे, अगं गीळ तो. मला आता तो रातकिडा ऐकायचा नाहीये, खारू. तो वाजताना मला तुझं तोंड बघायचंय. बादली पुसून ठेवलीय.

तुझी आजी